बिलाच्या सॉफ्टवेअरमधील चूक : एका नकलेत सुधारली, बाकीच्यांचे काय?

आपल्या व्यापारी बांधवांपैकी आता क्वचितच कोणी हाताने बिल लिहीत असेल. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लहानसहान दुकानातही संगणक आला. संगणकाबरोबर सॉफ्टवेअर आले आणि सॉफ्टवेअरबरोबर त्यातल्या चुकाही आल्या. चूक दिसली की आपण कंपनीस फोन करतो, कंपनी मुलगा पाठविते, मुलगा काही तरी करून जातो आणि आपण समजतो की काम झाले. आम्हीही तसेच समजलो होतो.

२०१८ सालची गोष्ट. त्या वेळी तयार कपड्यांवर नगास १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. ही मर्यादा विक्रीच्या किमतीवर, म्हणजे बिलातच दिलेली सूट वजा करून उरणाऱ्या रकमेवर पाहावयाची. आमचे सॉफ्टवेअर मात्र सूट धरण्याआधीची किंमत पाहत असे. १०८० रुपयांचा ड्रेस, १० टक्के सूट, उरले ९७२. कर हवा होता ४८ रुपये ६० पैसे, लागला ११६ रुपये ६४ पैसे. नगामागे ६८ रुपये ४ पैसे जास्त, ४० नगांच्या गठ्ठ्यात २७२१ रुपये ६० पैसे. हा पैसा आमच्या गल्ल्यात राहिला नाही, सरकारात जमा झाला. परंतु गिऱ्हाइकाच्या हातात बिल आमच्या नावाचे होते आणि त्याने पैसे आमच्या भरवशावर दिले होते.

मुलगा आला, दुरुस्ती करून गेला. आठ महिन्यांनी कंपनीने नवी आवृत्ती बसविली आणि पहिल्याच आठवड्यात तीच चूक पुन्हा उभी राहिली. एक जुने गिऱ्हाईक बिल पुढे ठेवून म्हणाले, "सेठ, मागे हेच झाले होते ना?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते गिऱ्हाईक पुढे दुसऱ्या पेढीवर जाऊ लागले.

आमचा भाचा पुण्यात हेच काम करतो. त्यास विचारले तेव्हा म्हणाला, "मामू, त्या मुलाने दुरुस्ती केली ती तुमच्या नकलेत. असलला कोणी हात लावलाच नाही. नवी आवृत्ती असलमधून निघाली, म्हणून चूक परत आली."

शिलाई कारखानदारांना हे चटकन उमजेल. मास्तर एक मूळ फर्मा कापतो, त्यावरून निरनिराळ्या मापांचे फर्मे निघतात. मुंढ्यात चूक सापडली आणि कारागिराने आपल्यापुढचा एकच फर्मा कातरून सरळ केला, तर त्या दिवसाचा माल ठीक निघेल. पण मूळ फर्मा तसाच राहिला तर पुढच्या हंगामात चूक पुन्हा शिवली जाणार. उलट मोठ्या मापात जेवढे बोट कातरले तेवढेच लहान मापात कातरले तर तो फर्मा बिघडेल. आणि ज्या नमुन्यास बाहीच नाही, तेथे कातर लावण्याचे कारणच नाही.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. कंपनी एक मुख्य धारा चालविते, जीत नवे काम चालू असते. शिवाय जुन्या गिऱ्हाइकांसाठी जुन्या आवृत्त्या सांभाळते, कोणासाठी मीटरवर कापड विकण्याची खास आवृत्ती असते. यांना ते लोक 'ब्रँच' म्हणतात. (आपण ब्रँच म्हटले की दुसऱ्या बाजारातले दुकान समजतो, तसे नव्हे.) कोणी, केव्हा, कोणत्या ओळीत काय बदलले याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेस व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आज बहुतेक ठिकाणी त्यासाठी 'गिट' वापरतात. लिनक्सवाले लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. ती एक प्रकारची रोजमेळ वहीच होय. मात्र वहीत लिहिले नाही तर वही काय करणार? आमच्याकडे आलेल्या मुलाने दुकानातच बदल करून कोठेही नोंद केली नव्हती.

चूक सापडल्यावर पहिला प्रश्न हा की ती कोणकोणत्या शाखांत आहे. २०१४ साली इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्टब्लीड' नावाची भयंकर चूक सापडली. ती १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्यांत होती आणि ७ एप्रिल २०१४ रोजी १.०.१जी मध्ये सुधारली गेली. त्याहून जुन्या १.०.० आणि ०.९.८ या शाखांत ती नव्हतीच, कारण ज्या भागात चूक होती तो भागच नंतर आला होता. नवे ते निर्दोष आणि जुने ते सदोष असा आपला समज असतो, येथे उलटे झाले. आणखी एक गोष्ट. डेबियनसारख्या संस्थांनी आपल्याकडील १.०.१ई याच आवृत्तीत ती दुरुस्ती आणून बसविली. पुढचा आकडा जुनाच दिसत होता, आत चूक सुधारलेली होती. म्हणून नुसता आकडा वाचून निकाल देऊ नये.

दुसरा प्रश्न दुरुस्ती नेण्याचा. याच्या दोन रीती आहेत. लिनक्सच्या मंडळींचा नियम असा की दुरुस्ती आधी मुख्य धारेत आली पाहिजे, मगच ती जुन्या स्थिर आवृत्त्यांत नेली जाते. गिट बनविणाऱ्यांची स्वतःची रीत उलटी आहे. ज्या सर्वांत जुन्या चालू शाखेस दुरुस्ती हवी तीत आधी करावयाची आणि तेथून वरच्या शाखांत मिसळत न्यावयाची. आमच्या मते लहान कंपनीस पहिली रीत बरी, कारण असल आधी शुद्ध होते आणि नव्या आवृत्तीतून चूक परत येत नाही.

शाखा एकमेकींपासून फार दुरावल्या असतील तर सगळे मिसळता येत नाही. तेव्हा तेवढाच एक बदल उचलून दुसऱ्या शाखेत ठेवतात, त्यास 'चेरी-पिक' म्हणतात. यात धोका असा की उचललेल्या बदलास नवा क्रमांक मिळतो, आणि मूळ कोणता व नक्कल कोणती हे वर्षभराने कोणासही सांगता येत नाही. त्यासाठी गिटमध्ये मूळ क्रमांक नोंदीत लिहून ठेवण्याची सोय आहे. चुकीस एकच तक्रार क्रमांक देऊन तो प्रत्येक शाखेतील नोंदीत लिहिला तर आणखी चांगले. जुन्या शाखेतील मजकूर वेगळा असेल तर दुरुस्ती हाताने जुळवावी लागते, लहान मापाच्या फर्म्याप्रमाणे. आणि प्रत्येक शाखेत ती वेगळी तपासावी लागते. एका ठिकाणी चालली म्हणून दुसऱ्या ठिकाणी चालेलच असे नाही.

तेव्हापासून आम्ही दुरुस्ती झाली असे नुसते ऐकून घेत नाही. तक्रार क्रमांक काय, मुख्य धारेत बदल गेला काय, कोणत्या आवृत्त्यांत गेला आणि कोणत्यांत बाकी आहे, हे लेखी मागतो. शिवाय पाच-सहा नमुन्याची बिले हाताने हिशेब करून वहीत ठेवली आहेत. नवी आवृत्ती आली की आधी ती बिले काढून पाहतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांचे दर बदलले. नगास २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. आम्ही त्याच संध्याकाळी नमुन्याचे बिल काढले. २७०० चा शरारा, १० टक्के सूट, उरले २४३०. दुकानातील संगणकाने १२१ रुपये ५० पैसे कर दाखविला, तो बरोबर होता. गोदामातील संगणकावर जुनी आवृत्ती आहे, तिने ४३७ रुपये ४० पैसे दाखविले. मर्यादा बदलली होती, पण सूट वजा करण्याची दुरुस्ती त्या शाखेत कधी पोहोचलीच नव्हती. कंपनीस दोन्ही बिले पाठविली. दुरुस्ती यावयास चार दिवस लागले, तोवर गोदामातील बिले हाताने लिहिली.