नव्या क्रीमची परीक्षा

लग्नसराईत बीड, गेवराई, अंबाजोगाईकडील रुग्णा वैद्यांना विचारतात, "हे नवे क्रीम लावून पाहू का?" या प्रश्नाकडे आम्ही केवळ सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहत नाही.

२०२३च्या आरंभी अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांचे वृक्कविकार प्रकाशात आले. मुळाशी स्थानिक ब्यूटीशियनकडून घेतलेले पारदयुक्त क्रीम होते. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी असे रुग्ण आढळले. पारद त्वचेत रंगद्रव्य निर्माण होऊ देत नाही, म्हणून वर्ण त्वरेने उजळतो. शोषला गेला की तोच वृक्कांना बाधतो. शोधन-मारण जाणणाऱ्या आपल्या शास्त्राला हे भय नवे नाही. मात्र 'आयुर्वेदिक' या शब्दाआड असा माल लपू लागला, तर बोल आपल्यालाच लागेल.

मुखलेप सुकू देऊ नये, सुकलेला लेप कांती बिघडवतो, असे शार्ङ्गधर सांगतो. आपल्या कोरड्या हवेत तर हे विशेष पाळावे. नवे प्रसाधन प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून दोन-तीन दिवस पाहावे. पण ही चाचणी दाह-कंडू दाखविते, पारद नव्हे. म्हणून उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक व बॅच नंबर नसलेली डबी औषधविक्रेत्या बंधूंनी फळीवर ठेवूच नये. आठवड्यात उजळलेल्या चेहऱ्यासोबत पायांवर शोथ वा मूत्रास फेस दिसल्यास वैद्यांनी डबी मागवून घ्यावी आणि मूत्रातील प्रथिने त्याच दिवशी तपासून घ्यावीत.