मूळ फोटो कुठे राहतो?

मुठीतले यंत्र : लेखांक ७

जून २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावरून स्टीव्ह जॉब्जने आयक्लाउडची घोषणा केली, तेव्हा त्याने आपल्याच कंपनीच्या मॅक संगणकाला एक पायरी खाली उतरवले. तोवरची रीत ठरलेली होती. फोनमधले फोटो वायरने संगणकावर उतरवायचे, वर्षवार फोल्डर करून लावायचे, हवे ते पुन्हा फोनवर चढवायचे. संगणक म्हणजे घर आणि बाकीची उपकरणे तिथे येणारे पाहुणे. नव्या व्यवस्थेत घर कंपनीच्या सर्व्हरवर गेले आणि संगणकही फोनसारखाच पाहुणा झाला.

फोटोंचे हे स्थलांतर एका दमात झाले नाही. ॲपलने आधी ‘फोटो स्ट्रीम’ आणले. त्यात अलीकडचे जास्तीत जास्त हजार फोटो तीस दिवस सर्व्हरवर राहत आणि तेवढ्यात आयपॅड किंवा मॅकवर उतरत. सर्व्हरचे काम केवळ पोहोचवण्याचे होते, मूळ फोटो उपकरणावरच असे. २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर आयक्लाउड फोटो लायब्ररी आली आणि सगळे फोटो कायमचे सर्व्हरवर राहू लागले. जुनी फोटो स्ट्रीम २६ जुलै २०२३ रोजी बंद झाली. त्याआधीच, मे २०१५ मध्ये, गुगल फोटोजने अँड्रॉइडवाल्यांसाठी हीच सोय केली होती. भारतात तिचा खरा उपयोग सुरू झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाल्यावर.

एक फोटो काढला की पडद्यामागे बरेच काही घडते. फोन तो फोटो आपल्या ‘डीसीआयएम’ फोल्डरमध्ये ठेवतो. फाइलमध्ये चित्राबरोबरच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे तपशील आणि परवानगी दिली असेल तर ठिकाणही नोंदवलेले असते. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. सिंक करणारे ॲप अशा फाइलचा गणिती ठसा काढते, त्याला हॅश म्हणतात. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी हॅश बदलतो. त्यामुळे हाच फोटो आधी चढवला आहे का, हे फाइल न पाठवताही कळते. नसेल तर वाय-फाय मिळताच तो वर जातो. सर्व्हर त्याच्या छोट्या आवृत्त्या बनवतो आणि त्याच खात्यात उघडलेल्या बाकीच्या उपकरणांना फक्त ‘नवे काय’ एवढी यादी कळवतो. टॅबलेटवर आधी छोटी प्रतिमा दिसते. बोट ठेवून फोटो मोठा केला की मगच मोठी फाइल उतरते.

म्हणून एका खात्यातले पन्नास हजार फोटो लहानशा फोनमध्येही ‘मावलेले’ दिसतात. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू असेल, तर जागा कमी पडताच मूळ फाइल फोनवरून काढली जाते आणि तिची हलकी प्रत उरते. गुगल फोटोजमधले ‘फ्री अप स्पेस’ हे बटण बॅकअप झालेल्या फाइल फोनवरून पुसते. घाटात रेंज गेली की जुना फोटो धूसर राहतो, त्याचे कारण हेच. तो फोटो त्या फोनमध्ये नसतोच.

सर्वाधिक घोटाळा होतो तो इथे.

फोन भरल्याची सूचना आली की माणूस गुगल फोटोज उघडतो, दोन-तीनशे फोटो निवडतो आणि डिलीट करतो. मनात हिशेब असतो की फोनवरून गेले तरी ‘वर’ आहेतच. प्रत्यक्षात डिलीट हीसुद्धा ‘नवे काय’ यादीतली एक नोंद असते. ती सर्व्हरवर जाते, तिथून टॅबलेटवर, लॅपटॉपवर जाते आणि सगळीकडून फोटो गायब होतात. फोनची जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरायचे आणि फोटो नकोच असेल तर ‘डिलीट’. दोन्ही बटणे एकाच ॲपमध्ये आहेत, पण त्यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत. सुदैवाने चूक सुधारायला मुदत मिळते. गुगल फोटोजच्या ‘बिन’मध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. ॲपलच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्येही साधारण ३० दिवस मिळतात.

उलट प्रकारही घडला आहे. मे २०२४ मध्ये आयओएस १७.५ टाकल्यावर काही आयफोनधारकांना पूर्वी पुसलेले फोटो लायब्ररीत पुन्हा दिसू लागले. ॲपलने काही दिवसांतच १७.५.१ ही दुरुस्ती दिली आणि डेटाबेस बिघडल्यामुळे क्वचित हे होत असल्याचे सांगितले. लायब्ररीतली नोंद आणि खरी फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निमित्ताने अनेकांना कळले.

दुसरा गुंता व्हॉट्सॲपचा. लग्नाचा फोटो मामाने पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते आणि एक्झिफची नोंदही काढून टाकते. पोहोचलेली फाइल मग मूळ फोटोहून वेगळी ठरते, तिचा हॅश वेगळा येतो. ज्याच्याकडे मूळ फोटोही आहे, त्याच्या लायब्ररीत एकच क्षण दोनदा बसतो आणि त्यातला एक भलत्याच तारखेला. दहा वर्षांपूर्वीचा बारशाचा फोटो काल कुटुंबाच्या ग्रुपवर आला असेल, तर तो कालच्या फोटोंत सापडतो. गुगल फोटोज मुळात फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेते. व्हॉट्सॲपचे फोल्डर वेगळे चालू करावे लागते. सगळ्या ‘गुड मॉर्निंग’ फुलांसाठी ते चालू करण्यापेक्षा नात्यातल्यांना अल्बमची लिंक पाठवायला सांगणे परवडते, कारण लिंकमधून आलेला फोटो तारखेसह येतो.

जागेचा हिशेब फोटोंपेक्षा व्हिडिओ बिघडवतात. गुगलचे मोफत १५ जीबी म्हणजे चार एमबीचा एक फोटो धरला तर पावणेचार हजार फोटो. आयफोनवर फोर-के व्हिडिओचा एक मिनिट, ॲपलच्याच आकड्यानुसार, साधारण १७० एमबी खातो. म्हणजे तेच १५ जीबी दीड तासाच्या आत संपतात. शिवाय ते जीमेल आणि ड्राइव्हसह मिळून आहेत. ते भरले की नवी मेल येणेही थांबते. मुलाखतीचे पत्र आले नाही म्हणून शोधाशोध करणाऱ्याला, अडथळा गेल्या वर्षीच्या हळदीच्या व्हिडिओचा आहे, हे सुचत नाही. आयक्लाउडचे मोफत ५ जीबी तर २०११ पासून तेवढेच आहेत.

मोफत जागेची आश्वासने कायमची नसतात, हे वाचकांनी दोनदा पाहिले आहे. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट देऊ केले आणि २०१८ मध्ये मोफत खात्याला हजार फोटोंची मर्यादा घातली. गुगल फोटोजची अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून संपली. ते जाहीर करताना, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, गुगलने सांगितले होते की आपल्याकडे चार लाख कोटींहून जास्त फोटो आहेत आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नवे फोटो-व्हिडिओ येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये रिलायन्सने जिओच्या ग्राहकांना १०० जीबी मोफत देण्याची घोषणा केली. जागा घ्यायला हरकत नाही, पण बाहेर पडायची वाट आधी पाहून ठेवावी.

कारण क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी गावातली इमारत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. काही ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रतीही तिथेच होत्या. मायस्पेसने मार्च २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर बदलताना २०१६ पूर्वी चढवलेली गाणी, फोटो आणि व्हिडिओ हरवले असू शकतात. मोठ्या कंपन्या एका फाइलच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवतात, त्यामुळे आगीची भीती तिथे कमी. तिथला धोका खात्याचा असतो. पासवर्ड विसरणे, खाते चोरीला जाणे किंवा दोन वर्षे न उघडणे. डिसेंबर २०२३ पासून गुगल असे निष्क्रिय वैयक्तिक खाते फोटोंसह पुसू शकते.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ नियम इथे कामी येतो. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन आणि क्लाउड या दोन प्रती सिंकने एकमेकींना बांधलेल्या असतात. एकीवरची चूक दुसरीवर जाते. तिसरी प्रत सिंकच्या बाहेर, साध्या हार्ड डिस्कवर हवी. गुगलच्या ‘टेकआउट’मधून सगळे फोटो झिप फाइलमध्ये मागवता येतात. ॲपलकडेही ‘डेटा अँड प्रायव्हसी’ पानावरून तशी प्रत मिळते. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ’ चालू असेल तर केबल लावून सगळे मूळ फोटो येत नाहीत, तेव्हा हाच रस्ता धरावा. डिस्क भरल्यावर पाच-दहा जुने फोटो उघडून, मोठे करून पाहावेत. ते स्पष्ट दिसले तर मूळ फाइल उतरली आहे.

पुढच्या लेखांकात : खातेधारक हयात नसेल तर त्याचे फोटो कुटुंबाला कसे मिळतात? गुगलने २०१३ मध्ये आणलेला ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि ॲपलने २०२१ मध्ये दिलेला ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ कसा नेमायचा, ते पायरी-पायरीने पाहू.