घरातली अभिजात शाळा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या एखाद्या घरात सकाळी नऊच्या सुमारास स्वयंपाकघरातले टेबल आवरले जाते आणि त्याच टेबलाशी शाळा भरते. आठ-नऊ वर्षांचे मूल लॅटिन नामाची रूपे मोठ्याने म्हणते. मग आई इजिप्तच्या फेरोंची गोष्ट वाचून दाखवते आणि मूल ती आपल्या शब्दांत परत सांगते. या पद्धतीला तिकडे ‘क्लासिकल एज्युकेशन’ म्हणतात. आपण तिला अभिजात शिक्षण म्हणू.

घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या तिथे लहान नाही. अमेरिकी शिक्षण खात्याच्या सर्वेक्षणात १९९९ साली ती सुमारे साडेआठ लाख होती. २०१६ मध्ये ती १७ लाखांच्या आसपास, म्हणजे शाळकरी वयाच्या मुलांच्या ३.३ टक्के झाली. करोनाच्या काळात जनगणना विभागाने केलेल्या पाहणीत शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपैकी घरशाळा घेणाऱ्यांचे प्रमाण काही महिन्यांत ५.४ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेले. ही सगळीच घरे अभिजात पद्धतीने शिकवत नाहीत, पण या पद्धतीचा तिथे मोठा दबदबा आहे. आपल्याकडेही शाळेला कंटाळलेले पालक तिच्याविषयी विचारू लागले आहेत. तिच्याभोवती समजुतींचे दाट जाळे आहे. काही समजुती भाबड्या कौतुकातून आल्या आहेत, तर काही ऐकीव निंदेतून. एकेक तपासून पाहू.

गैरसमज १ : ही पद्धत अडीच हजार वर्षे अखंड चालत आली आहे.

वस्तुस्थिती : मुळे जुनी आहेत, पण आज घराघरांत दिसणारे झाड कोवळे आहे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांना युरोपात ‘ट्रिव्हियम’ म्हणत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार विद्या म्हणजे ‘क्वाड्रिव्हियम’. या विद्यांचा विचार ग्रीकांपासून आहे, पण क्वाड्रिव्हियम हा शब्द सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने रूढ केला आणि ट्रिव्हियम हे नाव त्याच्याही नंतरचे. शिवाय या सात विद्या म्हणजे विषय होते, बालवयाचे टप्पे नव्हते.

टप्प्यांची कल्पना १९४७ सालची आहे. लॉर्ड पीटर विम्झी या गुप्तहेराच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्स यांनी त्या वर्षी ऑक्सफर्डमध्ये एक भाषण केले. मूल आधी पोपटासारखे पाठ करते, मग उलट प्रश्न विचारू लागते आणि पुढे त्याला स्वतःचे काही सांगावेसे वाटते. या तीन अवस्थांशी त्यांनी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांची सांगड घातली. बालमानसाविषयीचे आपले मत मुख्यतः स्वतःच्या बालपणाच्या आठवणींवर बेतलेले आहे, हे त्यांनी त्या भाषणातच मोकळेपणाने सांगितले. आपल्या सूचना कधी अमलात येतील असेही त्यांना वाटत नव्हते.

त्या अमलात आल्या त्या दुसऱ्या देशात. १९८१ मध्ये आयडाहो राज्यातल्या मॉस्को गावात या विचारावर एक शाळा निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डग्लस विल्सन यांचे पुस्तक १९९१ मध्ये आले. १९९९ मध्ये जेसी वाइज आणि सुझन वाइज बॉअर या मायलेकींनी ‘द वेल-ट्रेंड माइंड’ लिहिले आणि घरी शिकवणाऱ्या पालकांच्या हाती वर्षावार आराखडा आला. जेसीबाईंनी आपल्या मुलांना सत्तरच्या दशकात घरीच शिकवले होते. म्हणजे आजची ही पद्धत जेमतेम दोन पिढ्यांची आहे. तेवढ्याने ती वाईट ठरत नाही, पण केवळ प्राचीनतेच्या दाखल्यावर तिला चांगलीही ठरवता येत नाही.

गैरसमज २ : अभिजात शिक्षण म्हणजे घोकंपट्टी.

वस्तुस्थिती : पहिल्या टप्प्यात पाठांतर असते आणि ते भरपूर असते. आपल्याला त्याचे नवल वाटायला नको. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी आणि औटकी पाठ करून घेत. पाठशाळेतला विद्यार्थी अर्थ पुरता कळण्याआधी अमरकोश आणि शब्दरूपावली मुखोद्गत करी. पण अभिजात पद्धतीचा रोजचा खरा व्यायाम तीन साध्या गोष्टींचा आहे. चांगल्या लेखकाचा परिच्छेद सुवाच्य अक्षरात उतरवून काढणे, ऐकून अचूक लिहिणे आणि ऐकलेले आपल्या शब्दांत सांगणे. पहिले दोन आपले अनुलेखन आणि श्रुतलेखनच. तिसऱ्याचा आग्रह एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शार्लट मेसन यांनी धरला. ऐकलेले सांगताना मुलाला काय ठेवावे, काय गाळावे आणि आधी काय सांगावे, हे स्वतः ठरवावे लागते. लेखनाची खरी तयारी इथे होते.

पुढच्या टप्प्यात पाठांतर मागे पडते आणि प्रश्न पुढे येतात. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला विचारतो : दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करू. आकृती काढल्यावर क्षेत्रफळ चौपट झालेले त्याला दिसते. मग तो तीन फूट म्हणतो, तेही चुकते. आता आपल्याला येत नाही, हे तो कबूल करतो. तिथून पुढे प्रश्नांच्या मदतीने तो कर्णापर्यंत पोचतो : मूळ चौरसाच्या कर्णावर उभा केलेला चौरस दुप्पट असतो. हेच सत्य आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात सूत्ररूपाने आले आहे. सूत्र पाठ करता येते. चुकून, अडखळून ते सापडण्याचा अनुभव मात्र पाठ करता येत नाही. चांगल्या अभिजात घरशाळेत दोन्हींना जागा असते. वाईट घरशाळा पहिल्यावरच थांबते, आणि अशी घरेही आहेत.

छडीचेही तसेच. पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन मुलांना मारण्याच्या स्पष्ट विरोधात होता. कडक शिस्तीसाठी अभिजात परंपरेची साक्ष काढणाऱ्यांनी त्याला एकदा वाचावे.

गैरसमज ३ : लॅटिन शिकले की बुद्धी तल्लख होते.

वस्तुस्थिती : हा दावा शंभर वर्षांपूर्वीच तपासला गेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४ मध्ये हजारो विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. एखादा विशिष्ट विषय घेतल्याने सर्वसाधारण विचारशक्ती इतरांपेक्षा फार वाढते, असे त्यांना आढळले नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाग आणि स्टर्न यांच्या जर्मनीतल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवले गेले. आधी फ्रेंच शिकलेले विद्यार्थी आधी लॅटिन शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले.

मग लॅटिन शिकू नये का? जरूर शिकावे, पण व्हर्जिल आणि सिसेरो मुळातून वाचता यावेत म्हणून, इंग्रजी शब्दांचे कूळ कळावे म्हणून, भाषेची घडण उलगडून पाहण्याची सवय लागावी म्हणून. संस्कृत शिकणाऱ्या मराठी मुलालाही आपण हेच सांगायला हवे. पैकीच्या पैकी गुण मिळतात म्हणून संस्कृत घ्यायचे आणि दहावीनंतर पुस्तक रद्दीत टाकायचे, याला कोणी अभिजात म्हणणार नाही.

गैरसमज ४ : यात गणित-विज्ञानाला जागा नाही.

वस्तुस्थिती : सात विद्यांपैकी चार गणिती आहेत, संगीतसुद्धा तिथे स्वरांच्या गुणोत्तरांचे शास्त्र म्हणून येते. ‘द वेल-ट्रेंड माइंड’च्या आराखड्यात इतिहासाचे चार वर्षांचे चक्र आहे : प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक काळाचा आरंभ आणि आधुनिक. बारा वर्षांत हे चक्र तीनदा फिरते आणि दर फेरीला खोली वाढते. त्याच्या जोडीला जीवशास्त्र, भूशास्त्र व खगोल, रसायन आणि भौतिक यांचे चक्र फिरते. आराखड्यात उणीव नाही. अडचण येते ती प्रयोगशाळा नसलेल्या आणि बीजगणिताला बिचकणाऱ्या घरात. वरच्या इयत्तांत अनेक पालक शिकवणी, स्थानिक कम्युनिटी कॉलेज किंवा ऑनलाइन वर्गांची मदत घेतात.

गैरसमज ५ : हे फक्त गोऱ्या, धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबांचे आहे.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या आजच्या चळवळीचा मोठा भाग ख्रिस्ती आहे, हे खरे. पण अभिजात ग्रंथांवर कोणा एकाची मालकी नाही. गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी बाराव्या वर्षाच्या सुमारास साठवलेल्या पैशांतून ‘द कोलंबियन ऑरेटर’ हे उत्तम भाषणांचे पुस्तक विकत घेतले. त्या भाषणांनी त्यांना स्वातंत्र्याच्या बाजूने युक्तिवाद कसा करावा, हे शिकवले. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या ॲना ज्युलिया कूपर यांनी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांना लॅटिन शिकवले. कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम ड्यू बॉइस स्वतः ग्रीक आणि लॅटिनचे अध्यापक होते. ज्यांना हे ग्रंथ नाकारले गेले, त्यांनी ते हक्काने मिळवले आणि शस्त्रासारखे वापरले. टीकेला जागा आहे ती वाचनयादीबाबत. १९५२ साली निघालेल्या ‘ग्रेट बुक्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या ५४ खंडांच्या मालेत एकही लेखिका नव्हती. यादी म्हणजे वेद नव्हे. ती वाढवता येते आणि वाढवायलाच हवी.

गैरसमज ६ : घरी शिकलेली मुले एकलकोंडी होतात. किंवा : घरी शिकलेली मुले नेहमीच पुढे असतात.

वस्तुस्थिती : दोन्ही विधाने अतिरेकी आहेत. घर की शाळा, हा वाद क्विंटिलियननेही मांडला होता आणि त्याने कौल शाळेला दिला. स्पर्धा, मैत्री आणि चारचौघांत बोलण्याची सवय घरात मिळत नाही, असे त्याचे म्हणणे. आजचे जाणते पालक ही उणीव ओळखून आठवड्यातून एक-दोन दिवस इतर कुटुंबांबरोबर गटवर्ग भरवतात.

इशारा म्हणून जॉन स्टुअर्ट मिलचे उदाहरण लक्षात ठेवावे. वडील जेम्स मिल ज्या टेबलाशी बसून ब्रिटिश भारताचा इतिहास लिहीत, त्याच टेबलाशी लहानगा जॉन ग्रीक शिके. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. इतर मुलांशी फारसा संबंध नाही. आपल्या आगरकरांवर ज्याचा प्रभाव पडला, तो प्रखर विचारवंत या घरशाळेतून घडला. पण १८२६ मध्ये, विशीत, तोच मनाने पार कोसळला. भावनांची बाजू उपाशी राहिली होती, हे त्याने आत्मचरित्रात स्वतः नोंदवले. सावरायला वर्ड्सवर्थची कविता कामी आली.

आता गुणांविषयी. १९९८ मध्ये लॉरेन्स रुडनर यांनी वीस हजारांहून अधिक घरशिक्षित मुलांचे निकाल अभ्यासले. ते सरासरीपेक्षा बरेच वर होते. पण ही कुटुंबे स्वेच्छेने पुढे आलेली होती आणि बहुतेक सुशिक्षित, स्थिर उत्पन्नाची होती. घरशाळा शाळेपेक्षा सरस आहे असे यावरून सिद्ध होत नाही, असे रुडनर यांनीच बजावले होते. जाहिरातीत निकाल येतात, त्यांचा हा इशारा गळतो.

गैरसमज ७ : घरशाळा सगळीकडे कायदेशीर आहे. किंवा : भारतात ती गुन्हा आहे.

वस्तुस्थिती : १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरशाळा कायदेशीर झाली, पण नियम राज्यागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा, तिमाही अहवाल आणि वार्षिक मूल्यमापन द्यावे लागते; टेक्सासमध्ये कळवण्याचेही बंधन नाही. जर्मनीत घरशाळेला जवळपास पूर्ण बंदी आहे आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती उचलून धरली आहे.

भारतात २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १० सांगते की ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे. कायद्यात घरशाळेचा नामोल्लेख नाही, तसेच घरी शिकवणाऱ्या पालकाला दंड वा शिक्षाही सांगितलेली नाही. पुढच्या वाटा मात्र आहेत : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी वयाच्या १४ वर्षांनंतर देता येते आणि महाराष्ट्रात १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसता येते. पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षी मंडळाकडूनच तपासून घ्याव्यात.

गैरसमज ८ : उत्तम अभ्यासक्रम विकत घेतला की काम झाले.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत महाग पडतो. अभिजात पद्धतीत पुस्तकांच्या संचापेक्षा समोर बसलेल्या माणसाला जास्त मोल आहे. मुलाने सांगितलेली गोष्ट मन लावून ऐकणारे, त्याच्या चुकीच्या उत्तरावर लगेच बरोबर उत्तर न देता पुढचा प्रश्न विचारणारे आणि स्वतःला माहीत नसलेले त्याच्यासोबत शोधणारे माणूस तिथे लागते. पालकाने पंडित असण्याची गरज नाही, पण विद्यार्थी होण्याची तयारी हवी. रोजचे काही तास लागतात, आणि अनेकदा एका पालकाला नोकरी सोडावी लागते. हा भार बहुतेक घरांत आईवर पडतो, म्हणून निर्णय दोघांनी मिळून आणि डोळे उघडे ठेवून घ्यावा.

आणि मूल शाळेतच जात असेल, तरी या पद्धतीतले सर्वांत चांगले घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला एखादे चांगले पुस्तक दहा मिनिटे वाचून दाखवा. मग पुस्तक मिटा आणि म्हणा, “आता तू सांग.” ते सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका.