जावरचा डोंगर आणि हरवलेली विद्या

सोलापूरच्या आसपास कुठेही विहीर खणा, काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा दख्खनचा खडक तयार झाला. भुईकोटाच्या तटाला, वाड्यांच्या जोत्याला, मंदिराच्या पायऱ्यांना त्याने दगड पुरवला. चांदीच्या शिरा मात्र या खडकात नाहीत. आपल्या सराफ कट्ट्यावर पिढ्यान् पिढ्या चांदी विकली गेली, ती सगळी बाहेरूनच आली.

मग चांदी निघते कुठे? देशातल्या खाणींतून मिळणारी जवळजवळ सगळी चांदी आजही राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खनिजातून येते. तिथल्या खाणकामाच्या जुन्या परंपरेचे सर्वांत बोलके ठिकाण म्हणजे उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेले जावर. टिडी नदीच्या दोन्ही अंगांना अरवलीचे डोंगर आहेत. मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई ही त्यांची नावे. आपल्या पाषाणाच्या मानाने हे खडक कितीतरी म्हातारे, अब्जाहून अधिक वर्षांचे. त्यांच्या पोटात शिसे आणि जस्त यांची खनिजे एकत्र आहेत आणि शिशाच्या खनिजात थोडी चांदी मिसळलेली आहे.

डोंगर चढताना जुन्या खाणींची तोंडे दिसतात. काही दगडमातीने बुजली आहेत, काही अजून उघडी आहेत. माहीतगाराशिवाय आणि परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नये, कारण पुढे जमीन केव्हा संपेल याचा भरवसा नाही. तोंडाशी उभे राहूनही बरेच कळते. भिंती पहारीने फोडल्यासारख्या खडबडीत नाहीत. जागोजागी त्या गोलसर, आत दबलेल्या दिसतात. सुरुंगाची दारू येण्यापूर्वी खाणकरी खडकाला लागून लाकडे रचत आणि आग लावत. तापलेला दगड तडकला, की छिन्नी-हातोड्याने तो उकलायचा, पुन्हा लाकडे रचायची. हात-दोन हात पुढे सरकायला किती सरपण लागले असेल, धूर ओसरण्याची वाट पाहत माणसे किती वेळ थांबली असतील, याचा विचार केला की त्या गोलाईकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. खाणींत सापडलेल्या जुन्या लाकडांच्या काल-मापनावरून इथले काम दोन हजार वर्षांहून जुने ठरले आहे.

मेवाडचा इतिहास या खाणींचे श्रेय महाराणा लाखा यांना देतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या काळात जावरची चांदी आणि शिसे मोठ्या प्रमाणावर निघू लागले आणि राज्याला बळ आले. खनिज भाजून, वितळवून आधी शिसे काढायचे. मग ते शिसे उघड्या मुशीत तापवून त्यावर वारा घालायचा. शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, होते, ते मूस शोषून घेते किंवा वरून काढून टाकता येते. चांदीवर मात्र हवेचा परिणाम होत नाही, म्हणून शेवटी तीच उरते. या पैशावर गाव वाढले. इथली जैन मंदिरे, जावरमातेचे देऊळ, महाराणा कुंभांची कन्या रमाबाई यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधवलेले मंदिर आणि कुंड पाहिले, की खाणीभोवती एक संपन्न नगर नांदत होते याची खात्री पटते.

पण जावरचे खरे मोठेपण चांदीत नाही, जस्तात आहे. तांबे, शिसे, लोखंड यांच्या भट्टीत धातू तळाशी मिळतो. जस्ताचे तसे नाही. ते ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि खनिजातून सुटे व्हायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे जस्त जन्मते तेच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली, की धातू जाऊन नुसती पांढरी भुकटी उरते. भट्टी पेटती ठेवायची आणि तिच्यातून निघालेली वाफ हवा न लागू देता थंडही करायची, असे हे कोडे आहे.

जावरच्या कारागिरांनी ते उलटी मूस लावून सोडवले. वांग्याच्या आकाराची, सुमारे फूटभर लांबीची मातीची मूस घ्यायची. तिच्यात भाजलेले खनिज, कोळसा, मीठ आणि शेण यांचे मिश्रण भरायचे, तोंडाशी मातीची नळी चिकटवायची. मूस पालथी केल्यावर माल पडू नये म्हणून तोंडात एक काडी खोचलेली असे. आच लागली की काडी जळून जाई आणि वाफेला वाट मिळे. अशा छत्तीस मुशा, सहा-सहाच्या सहा ओळींत, भोके पाडलेल्या मातीच्या जाड विटांवर पालथ्या उभ्या करत. वरच्या कप्प्यात आग, खालच्या कप्प्यात गारवा. वाफ नळीतून खाली उतरे आणि खालच्या भांड्यात जस्त होऊन जमे. 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात रसक नावाच्या खनिजातून धातू काढण्याची कृती आहे, वांग्याच्या आकाराची मूसही आहे. ग्रंथातली कृती आणि डोंगरातली भट्टी इतक्या जवळून जुळण्याचे उदाहरण दुर्मीळ.

१९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांच्या पथकाने इथे उत्खनन केले. पॉल क्रॅडॉक आणि के. टी. एम. हेगडे या संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता. एका रांगेत सात भट्ट्या मिळाल्या आणि शेवटच्या वेळी लावलेल्या मुशा जागच्या जागी सापडल्या. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. त्याचीही वाफ खालच्या बाजूलाच उतरत होती. जावरचे कारागीर तेव्हा कित्येक शतके हेच काम करत होते.

इथे पायाखाली जे खडखडते ते दगड नसतात, जळलेल्या मुशा असतात. एक उचलून पाहावी. बाहेरची बाजू आचेने काचेसारखी झालेली, आतली काळपट आणि चिकटून राहिलेल्या मालाच्या अवशेषांनी खरखरीत. अशा मुशांचे ढीगच्या ढीग नदीकाठी पसरले आहेत. गावातल्या जुन्या घरांच्या भिंतीही याच मुशा एकावर एक रचून उभारलेल्या दिसतात. प्रत्येक मूस एकदाच वापरायची, म्हणजे रोज कुणीतरी माती मळून नव्या मुशा घडवत होते. महाराणांची नावे शिलालेखांत आहेत. ही माती मळणाऱ्यांची नोंद एवढ्या ढिगाऱ्यांतच आहे.

हे काम थांबले कसे, हे मराठी वाचकाने जाणून घ्यायला हवे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांच्या फौजांनी मेवाडकडून खंडण्या वसूल केल्या, मुलूख उजाड झाला. त्या अस्थिरतेत खाणी रोडावल्या आणि १८१२-१३ च्या दुष्काळाने उरलेसुरले काम बंद पाडले. भट्ट्या विझल्या, कारागीर पांगले आणि बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या तिथेच तुटली. विसाव्या शतकात या डोंगरांत पुन्हा खाणकाम सुरू झाले. १९६६ पासून ते हिंदुस्तान झिंककडे आहे. यंत्रे नवी आली, पण जुने तंत्र काय होते हे राखेतून शोधून काढावे लागले.

सोलापूरहून बिदर फार दूर नाही. तिथल्या बिदरी भांड्याचा काळा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, थोडे तांबे आणि त्यावर चांदीचे नक्षीकाम. जस्त आणि चांदी या जावरच्या दोन्ही धातूंचे मोल जाणणारी कारागिरी आपल्या शेजारीच आहे. ती आजही हातांत जिवंत आहे, म्हणून तिची कृती विचारायला माणूस भेटतो. जावरला तो भेटत नाही.

सोलापूरनेही बंद पडलेले कारखाने पाहिले आहेत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीने या शहराला कामगारवस्ती, बाजार आणि भोंग्याच्या वेळा दिल्या. गिरण्या थांबल्यावर भंगाराची किंमत लगेच ठरली, साच्यावर हात बसलेल्या माणसांच्या माहितीची कुणी ठरवली नाही. त्यांतली काही वयोवृद्ध माणसे अजून आपल्यात आहेत. धागा कसा जोडायचा, साचा बिघडला तर आवाजावरून कसे ओळखायचे, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवणे, जुनी हजेरीपुस्तके आणि हत्यारे जपणे याला पुरातत्त्व खाते लागत नाही. महाविद्यालयातली मुले हे काम या वर्षीच सुरू करू शकतात.