ऑनलाइन व्हिडिओ खेळातील फ्रेम रेटचे मापन : सरासरीची मर्यादा आणि पर्यायी पद्धती

प्रस्तावना

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवावे लागत. फिरवणाऱ्याचा हात एकसारखा चालला नाही, तर पडद्यावरील माणसांची चालही बिघडत असे. पुढे बोलपट आला, ध्वनीशी मेळ राखणे आवश्यक झाले आणि सेकंदाला २४ चित्रे हा दर रूढ झाला. म्हणजेच एका सेकंदात किती चित्रे दिसतात या प्रश्नाबरोबरच ती किती समान अंतराने दिसतात, हा प्रश्न चलच्चित्राइतकाच जुना आहे. आज तोच प्रश्न ऑनलाइन व्हिडिओ खेळांच्या संदर्भात नव्याने उभा राहिला आहे. मात्र आपले विद्यार्थी त्याचा पहिला अर्धा भागच विचारतात.

संगणकीय खेळ हा आता केवळ फावल्या वेळचा विषय राहिलेला नाही. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्ससाठी पदके दिली गेली. भारतात २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र मान्यता दिली. माहिती तंत्रज्ञान व संख्याशास्त्र या विषयांच्या पदवी प्रकल्पांत अशा खेळांच्या कामगिरीचे मापन हा विषय वरचेवर येऊ लागला आहे. अशा प्रकल्पांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी फ्रेम रेट म्हणजे काय, तो कसा मोजावा आणि त्याच्या सरासरीवर कितपत विसंबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक उदाहरण

मरोळ येथे राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवरील ऑनलाइन खेळाचे मापन हा प्रकल्प प्रस्तुत लेखकाकडे आणला होता. 'खेळ अडकतो' अशी त्याची तक्रार होती. खेळ अडकतो म्हणजे इंटरनेट मंद आहे, असे घरात ठरले आणि वडिलांनी अधिक महाग जोडणी घेतली. अडकणे थांबले नाही. प्रकल्पाच्या पहिल्या मसुद्यात त्याने अर्ध्या तासाच्या खेळाची सरासरी दिली होती : सेकंदाला ५८ फ्रेम्स. त्याच्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलू शकत असल्याने ५८ हा आकडा उत्तमच दिसत होता. 'यंत्र निर्दोष आहे' हा त्याचा निष्कर्ष प्रस्तुत लेखकानेही त्या वेळी मान्य केला. ती चूक होती. ती का झाली हे समजण्यासाठी प्रथम मूळ संकल्पना पाहू.

फ्रेम रेट आणि फ्रेम टाइम

खेळातील प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. संगणकाचा मुख्य प्रोसेसर खेळाडूची आज्ञा वाचतो, पात्रांच्या जागा ठरवतो आणि ग्राफिक्स प्रोसेसर त्यानुसार चित्र तयार करतो. एका सेकंदात अशी किती चित्रे तयार झाली, हा फ्रेम रेट होय. एका चित्रासाठी किती वेळ लागला, हा फ्रेम टाइम होय व तो मिलिसेकंदात मोजतात. सेकंदाला ६० फ्रेम्स म्हणजे प्रत्येकी सुमारे १६.७ मिलिसेकंद.

या दोहोंतील नाते व्यस्त प्रमाणाचे आहे, ही बाब महत्त्वाची आहे. फ्रेम रेट ३० वरून ६० झाला, तर प्रत्येक फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद वाचतात. ६० वरून १२० झाला, तर ८.३ आणि १२० वरून २४० झाला, तर केवळ ४.२ मिलिसेकंद वाचतात. जाहिरातीतील आकडा दरवेळी दुप्पट होतो, पण लाभ दरवेळी निम्मा होत जातो. शिवाय ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच नवे चित्र दाखवू शकतो. त्यामागे २०० फ्रेम्स तयार झाल्या तरी डोळ्यांपुढे २०० पूर्ण चित्रे येत नाहीत.

चित्रपट २४ फ्रेम्सवर सुरळीत दिसतो, मग खेळाला ६० का हव्यात, हा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. चित्रपटाच्या प्रत्येक चित्रात कॅमेऱ्याच्या उघडझापीच्या काळातील हालचाल पुसटपणे उमटलेली असते व ती पुढच्या चित्राशी सांधा जुळवते. संगणकाने काढलेले चित्र सामान्यतः एका क्षणाचे व रेखीव असते. त्याहून मोठा भेद असा की, प्रेक्षक केवळ पाहतो, तर खेळाडू माउस हलवतो आणि त्याचा परिणाम पुढील फ्रेममध्ये दिसण्याची वाट पाहतो. फ्रेम लांबली की प्रतिसादही लांबतो.

सरासरीची मर्यादा

मरोळच्या बस आगारातून तासाला १२ बसगाड्या सुटतात असे समजू. दर पाच मिनिटांनी एक गाडी सुटली काय किंवा दर पंधरा मिनिटांनी तीन गाड्या एकामागोमाग सुटल्या काय, तासाची संख्या १२ च राहते. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला मात्र या दोन व्यवस्था सारख्या वाटत नाहीत. फ्रेम रेटची सरासरी ही अशी तासाची मोजणी आहे, तर खेळाडूचा अनुभव थांब्यावरील प्रवाशाचा आहे.

आता उपरोक्त विद्यार्थ्याच्या नोंदी आकडे सुटसुटीत करून पाहू. पहिली वीस मिनिटे सेकंदाला बरोबर ६० फ्रेम्स मिळाल्या. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र प्रत्येक सेकंदात तीन फ्रेम्स ५० मिलिसेकंदांपर्यंत लांबल्या. त्यांनी १५० मिलिसेकंद व्यापले आणि उरलेल्या ८५० मिलिसेकंदांत ५१ फ्रेम्स बसल्या, म्हणजे एकूण ५४. अर्ध्या तासाची सरासरी पुन्हा ५८ च येते. सेकंदाला तीन धक्के बसत असताना सरासरी केवळ दोनने घटली.

याच नोंदींची मांडणी दुसऱ्या रीतीने करता येते. अर्ध्या तासात एकूण १,०४,४०० फ्रेम्स झाल्या व त्यांपैकी १,८०० लांबलेल्या होत्या, म्हणजे सुमारे १.७ टक्के. सर्व फ्रेम टाइम चढत्या क्रमाने लावून ९९ वे शतमक काढले, तर ते ५० मिलिसेकंद येते. १६.७ च्या तिप्पट असलेला हा एकच आकडा खेळ का अडकतो ते सांगून जातो.

हा विचार संगणक-परीक्षणाच्या क्षेत्रात रुळायलाही वेळ लागला. १९९९ मध्ये आलेल्या फ्रॅप्स या प्रणालीने पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम रेट दाखवण्याची सवय लावली. २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमचा काळ तपासण्याचा आग्रह धरला. २०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट ही पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक फ्रेमच्या कडेला रंगीत पट्टी उमटवून पडद्याकडे प्रत्यक्ष काय पोहोचले ते टिपले जाते. इंटेलचे प्रेझेंटमॉन हे मुक्त स्रोत साधन प्रत्येक फ्रेमची नोंद तक्त्याच्या स्वरूपात देते व ते महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विनाखर्च वापरता येते.

सरासरी काढण्याच्या रीतीतही एक प्रमाद वारंवार आढळतो. ६०० फ्रेम्स १२० च्या दराने व पुढील ६०० फ्रेम्स ३० च्या दराने झाल्या, तर विद्यार्थी ७५ ही सरासरी लिहून मोकळे होतात. वस्तुतः पहिल्या गटाला ५ सेकंद व दुसऱ्याला २० सेकंद लागले. २५ सेकंदांत १,२०० फ्रेम्स म्हणजे सेकंदाला ४८. येथे हरात्मक मध्य योग्य ठरतो, अंकगणिती मध्य नव्हे.

'लॅग' या एका शब्दातील तीन विलंब

ऑनलाइन खेळात आणखी एक गुंतागुंत असते. खेळाडू सर्वच अडचणींना 'लॅग' म्हणतात, परंतु त्या शब्दाखाली किमान तीन भिन्न विलंब दडलेले असतात.

पहिला विलंब आपल्या यंत्रातील, म्हणजेच फ्रेम टाइमचा. दुसरा जाळ्यातील, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा. यास 'पिंग' म्हणतात. तिसरा सर्व्हरच्या स्वतःच्या ठोक्याचा. 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'चे अधिकृत सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा खेळाची स्थिती अद्ययावत करीत, तर २०२० मध्ये आलेल्या 'व्हॅलोरंट'साठी हा दर १२८ ठेवण्यात आला. दोन ठोक्यांतील अंतर अनुक्रमे १५.६ व ७.८ मिलिसेकंद होते.

दुसऱ्या विलंबाला भूगोलाची मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. त्यामुळे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तरी लागणारच, प्रत्यक्षात अधिक. मेट्रोने मरोळ नाक्याहून ज्या वर्सोव्याला थेट जाता येते, त्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालील अनेक आंतरराष्ट्रीय केबल्स उतरतात. तथापि केबल दाराशी असली तरी सर्व्हर सिंगापूरला असेल, तर हे अंतर कोणत्याही महाग जोडणीने किंवा ग्राफिक्स कार्डाने कमी होत नाही. सर्व्हर मुंबईतच असेल, तर हाच विलंब काही मिलिसेकंदांवर येऊ शकतो.

या विलंबांची लक्षणे वेगळी असतात. जाळ्यात संदेश उशिरा आला, तर आपले दृश्य सुरळीत फिरते, पण प्रतिस्पर्धी एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखा दिसतो. फ्रेम लांबली, तर संपूर्ण पडदाच क्षणभर थिजतो. तेव्हा पिंग आणि फ्रेम टाइम यांची नोंद एकाच वेळी, पण स्वतंत्र रकान्यांत होणे आवश्यक आहे.

मापनाची पद्धती

ऑनलाइन सामना दोनदा सारखा घडत नाही, ही या मापनातील मुख्य अडचण आहे. खेळाडूंची संख्या, धूर, स्फोट हे सर्व बदलते. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

१. शक्य असेल तेथे ध्वनिमुद्रणासारखा जतन केलेला एकच सामना पुन्हा चालवून तुलना करावी. त्याच्या जोडीला काही प्रत्यक्ष सामन्यांचीही नोंद ठेवावी. पहिल्याने पुनरावृत्ती साधते, दुसऱ्याने वास्तव कळते.

२. पहिली फेरी गणनेतून वगळावी, कारण तिच्यात खेळ आपली सामग्री स्मृतीत भरत असतो. त्यानंतर किमान पाच फेऱ्या घेऊन मध्यक व विस्तार द्यावा.

३. पडद्याचे रिझोल्यूशन, चित्राचा दर्जा, व्ही-सिंक सुरू की बंद, लॅपटॉप विजेवर की बॅटरीवर, ही सर्व माहिती नोंदवावी.

४. लॅपटॉप व मोबाइल यांचे मापन किमान अर्धा तास करावे. यंत्र तापले की प्रोसेसर आपला वेग आपणहून घटवतो. मुंबईच्या मे महिन्यात पाच मिनिटांची चाचणी फसवी ठरते, म्हणून खोलीचे तापमानही लिहावे.

५. 'एक टक्का नीचांक' हा शब्द वापरल्यास त्याची व्याख्या द्यावी. कोणी ९९ व्या शतमकाला, तर कोणी सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सच्या सरासरीला हे नाव देतात. हे दोन आकडे सारखे नसतात.

६. दोष कोठे आहे हे पाहण्यासाठी रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम रेट वाढला, तर अडथळा ग्राफिक्स प्रोसेसरचा होता. न वाढल्यास तो बहुधा मुख्य प्रोसेसरचा किंवा लावलेल्या मर्यादेचा असतो.

निष्कर्ष

उपरोक्त विद्यार्थ्याने या पद्धतीने मापन पुन्हा केले. पिंग पूर्ण अर्धा तास स्थिर राहिला. फ्रेम टाइमचा आलेख मात्र विसाव्या मिनिटानंतर दातेरी झाला. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळण्याची त्याची सवय होती व त्यामुळे खालची हवेची वाट बंद होत होती. दोन जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून चाचणी घेतली, तेव्हा लांबलेल्या फ्रेम्स जवळजवळ नाहीशा झाल्या. महाग जोडणीचे पैसे मात्र वर्षभरासाठी आधीच भरलेले होते.

त्या घराला चुकीच्या दिशेने खर्च करावयास लावणारा ५८ हा आकडा खोटा नव्हता. तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर होता. खेळ किती वेगाने चालतो हे त्याने सांगितले, पण खेळ कोठे थांबतो हे सांगितले नाही. म्हणून अशा प्रकल्पांच्या मूल्यमापनात केवळ सरासरी ग्राह्य न धरता फ्रेम टाइमचा आलेख, ९९ वे शतमक, पिंगची स्वतंत्र नोंद आणि चाचणीची परिस्थिती या चार बाबींची मागणी मार्गदर्शकाने करावी. पहिल्या मसुद्यावर स्वाक्षरी करताना प्रस्तुत लेखकाने ती केली नव्हती. त्यानंतर आलेल्या प्रत्येक प्रकल्पाला पहिला प्रश्न हाच विचारला जातो : सरासरी कळली, आता सर्वांत वाईट एक टक्का दाखवा.