फोल्डर कॉपी केलं की तारीख का बदलते?

फोनमधले फोटो पेनड्राइव्हवर टाकले आणि सगळ्या फोल्डरवर आजचीच तारीख दिसतेय? घाबरू नका, फोटो जसेच्या तसे आहेत.

असं का होतं?
कॉपी करताना जुनं फोल्डर उचलून नेलं जात नाही. नव्या जागी त्याच नावाचं नवं फोल्डर बनतं आणि त्यात एकेक फाइल येते. प्रत्येक नव्या फाइलबरोबर फोल्डरची तारीख पुढे सरकते. म्हणून जुनी तारीख सगळी कॉपी झाल्यावर परत लावावी लागते. बरेच फाइल मॅनेजर ते करत नाहीत. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोची तारीख मात्र फोटोच्या आतच नोंदलेली असते, ती कॉपीमुळे बदलत नाही.

उपाय काय?
१. विंडोजवर एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कॉपी करताना रोबोकॉपी ही कमांड वापरा. तिच्या ‘डीकॉपी’ पर्यायात ‘डीएटी’ लिहा. त्यातला ‘टी’ तारीख-वेळ जपतो.
२. फोनवर मी तारीख नावातच टाकतो: ‘२०२४-०५-१२ रायगड’. वर्ष आधी असल्याने नावानुसार लावलं तरी क्रम बरोबर येतो.

आणि हो, तारखा तपासल्याशिवाय मूळ फोल्डर डिलीट करू नका. जुनी तारीख फक्त तिथेच उरलेली असते.