अडखळणारे चित्र : निदान आणि उपचार

आपल्या व्यवसायात चलच्चित्राने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भक्कम स्थान मिळविले आहे. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेचे चित्रण, इकोचे तुकडे, अँजिओग्राफीची तबकडी, हे सारे आता रोजच्या व्यवहारातले झाले आहे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर किंवा खानापूर परिसरातील रुग्ण बेळगाव, कोल्हापूर वा मिरज येथे तपासणी करून येतो आणि तबकडी आपल्या फॅमिली डॉक्टरांपुढे ठेवतो. त्या टेबलावरील संगणक बहुधा जुना असतो. चित्र अडखळू लागते आणि कोणीतरी सल्ला देतो, "डॉक्टर, आता नवा घ्या!" माझ्या मते हा सल्ला पुष्कळदा निदानापूर्वीच लिहून दिलेला औषधोपचार असतो.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत क्लिप लावण्यापूर्वी पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्या पाहिजेत, हा स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेला दंडक सर्जन मंडळींना ठाऊक आहे. चित्रण पाहून शिकणाऱ्याच्या दृष्टीने नेमका तोच क्षण मोलाचा. संगणकाला वेग झेपेनासा झाला, की तो मधल्या फ्रेम्स गाळतो, आणि गाळलेल्यांत तो क्षणही असू शकतो. इकोमध्ये हृदयाच्या भिंतीची हालचाल पाहताना अडखळणारा पडदा दिशाभूल करू शकतो, हे निराळे सांगावयास नको.

विकाराचे मूळ

डीव्हीडीच्या एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात. पूर्ण हाय डेफिनिशनमध्ये ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर पाचपट होतात. सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या, तर प्रत्येक फ्रेम तयार करण्यास संगणकाला केवळ ४० मिलिसेकंद मिळतात. एवढी माहिती जशीच्या तशी साठविणे परवडत नाही, म्हणून ती दाबून लहान केलेली असते आणि पाहताना उलगडावी लागते. दाबण्याच्या या पद्धतीस कोडेक म्हणतात. एच.२६४ ही पद्धत २००३ साली आली, एच.२६५ ही २०१३ साली. दुसरी फाइल आकाराने लहान असते, परंतु उलगडण्यास कितीतरी जड जाते.

हे काम करणारा स्वतंत्र भाग चिपमध्ये असेल, तर मुख्य प्रोसेसर निवांत राहतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एच.२६५ ची पूर्ण सोय २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आली. माझ्या दवाखान्यातील संगणक २०१२ चा आहे. शस्त्रक्रियेचे एच.२६४ चित्रण त्यावर सुरळीत चालते. पुतण्याने फोनवर घेतलेले लग्नाचे चित्रण मात्र पावलोपावली ठेचाळते. कारण २०१७ पासून आयफोन मुळातच एच.२६५ मध्ये चित्रण साठवितो. संगणक तोच, विकार फाइलचा!

इतिहास आणि तपासणी

रुग्णाप्रमाणे येथेही प्रथम इतिहास घ्यावा. सर्व फाइल्स अडखळतात की एखादीच? आवाज नीट चालू राहून चित्रच मागे पडत असेल, तर उलगडण्याची शक्ती अपुरी आहे. आवाज आणि चित्र दोन्ही एकदम थांबत असतील, तर पुरवठा तुटतो आहे. दोष इंटरनेट, तबकडी वा हार्ड डिस्कचा. आरंभी ठीक आणि दहा-पंधरा मिनिटांनी बिघाड, हे तापाचे लक्षण समजावे. कॅमेरा आडवा फिरताना तेवढा बारीक हिसका जाणवत असेल, तर पडद्याचा वेग साठाचा आणि चित्राचा पंचविसाचा, एवढेच कारण असू शकते.

मग तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि चित्र चालू ठेवावे. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर सारा भार त्याच्यावरच पडतो आहे. डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर ती आजारी असण्याचा संभव आहे. आधी आतील माहितीची प्रत काढावी. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाइलचा कोडेक आणि गळालेल्या फ्रेम्सची संख्या दोन्ही दिसतात.

उपचार

सर्वांत सोपा उपाय प्रथम करावा. अँजिओग्राफीची तबकडी थेट न चालविता हार्ड डिस्कवर उतरवून मग पाहावी. विंडोज नव्याने घातले असल्यास ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर बसविला आहे ना, ते पाहावे. तो नसेल, तर चिपमध्ये सोय असूनही ती वापरली जात नाही. प्लेअर आणि ब्राउझरमधील 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' चालू करावे. यूट्यूबवर १०८० ऐवजी ७२० निवडल्यास भार निम्म्याहून कमी होतो.

ताप असेल, तर पंखा आणि त्याखालील जाळी स्वच्छ करावी. तंबाखूच्या वखारींच्या निपाणीत धुळीचे महत्त्व कोणास सांगावे! रॅम वाढविण्याचा आणि एसएसडी बसविण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने संगणक चपळ होतो हे खरे. पण उलगडण्याची शक्ती त्यामुळे वाढत नाही.

एवढ्यानेही भागले नाही, तर 'हँडब्रेक' या मोफत प्रणालीने फाइलची एच.२६४ मधील प्रत करावी. प्रत करताना बारकावे थोडे तरी घटतात, म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये. वैद्यकीय नोंद म्हणून तीच ग्राह्य आणि शिकण्यासाठीही तीच उत्तम.

पथ्य

फाइल बदलून देणारी मोफत संकेतस्थळे पुष्कळ आहेत. रुग्णाचे चित्रण तेथे कदापि चढवू नये. त्यावर बहुधा नाव, वय, दिनांक छापलेले असते आणि एकदा बाहेर गेलेली प्रत परत घेता येत नाही. हे काम आपल्याच टेबलावर, आपल्याच संगणकात करावे. दुसरे असे, की विंडोज १० चे सर्वसाधारण मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असा जुना संगणक केवळ चित्रे पाहण्यासाठी ठेवावयाचा असेल, तर तो इंटरनेटपासून दूर ठेवणे श्रेयस्कर.

हे सर्व करूनही अँजिओग्राफी वा इको अडखळत असेल, तर त्या पडद्यावरून मत देऊ नये. मग नवा संगणक घ्यावा आणि निःशंक मनाने घ्यावा. मात्र तो निर्णय निदानानंतरचा असावा. रुग्णाच्या बाबतीत आपण जी शिस्त पाळतो, तीच टेबलावरच्या या मूक सहकाऱ्याच्या बाबतीत पाळली, तर खर्च वाचेल आणि चित्रही स्वच्छ दिसेल.